चेंबरच्या फायरवॉलमध्ये पॅकेटचा आठवा बाइट तपासायचाय, नेटफिल्टरचा कोड कुठे बदलू?

केळीपट्टा

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहून राहिलो, पण पूर्ण वाचा, अर्धवट सांगितलं की उत्तरं भलतीकडे जातात.

सावद्याजवळ आमचे केळी पिकवायचे ६ चेंबर आहेत. प्रत्येक चेंबरला एक कंट्रोलर, तो कॉम्प्रेसर, पंखे आणि इथिलीनचं (पिकवायच्या वायूचं) टायमिंग सांभाळतो आणि नेटवर्कवर मॉडबस टीसीपी, म्हणजे कंट्रोलरांची बोलायची भाषा, बोलतो, पोर्ट ५०२. ऑफिसच्या पीसीवर सगळ्या चेंबरचं तापमान दिसतं. मोबाइलवरही दिसावं म्हणून एकाकडून ॲप बनवून घेत होतो, त्याचा लॅपटॉप आमच्याच वायफायवर होता. त्याने जाता जाता टेस्ट म्हणून ३ नंबरच्या चेंबरला सेटपॉइंट, म्हणजे किती तापमान ठेवायचं तो आकडा, पाठवला १८. आता या कंट्रोलरमध्ये पॉइंट नसतो, १८.० पाहिजे तर १८० लिहायचं असतं. कंट्रोलरने ते १.८ डिग्री धरलं आणि कॉम्प्रेसर रात्रभर थांबलाच नाही. पहाटे दार उघडलं तर आत ८ डिग्री.

ज्यांच्याकडे केळी आहे त्यांना सांगायला नको, १३ च्या खाली माल गेला की साल मरते. वरून लगेच कळत नाही. मी एक फणी उचलली आणि नखाने साल जराशी खरवडली, तर आत तपकिरी रेघा पडलेल्या. असा माल नंतर पिवळा होतच नाही, राखेसारखा मळकट होतो. अख्खा चेंबर गेला.

कंट्रोलर बसवणाऱ्यांना फोन केला, म्हटलं पासवर्ड टाकून द्या. ते म्हणाले मॉडबसमध्ये पासवर्ड असतोच कुठे. आणि ते खरं आहे, हा प्रोटोकॉल मॉडिकॉनने १९७९ ला काढला, तेव्हा एका वायरवर एक मास्टर आणि बाकी सगळे ऐकणारे, चोर येणार कुठून. आता तोच प्रोटोकॉल इथरनेटवर चालतो आणि जो कोणी ५०२ ला जोडतो त्याचं तो ऐकतो.

तर मला पाहिजे असं, की वाचायचं सगळ्यांनी वाचावं पण लिहायचं फक्त ऑफिसच्या पीसीने. साध्या फायरवॉलमध्ये हे जमत नाही कारण वाचणं आणि लिहिणं दोन्ही एकाच पोर्टवर आहे, पोर्ट बंद केला तर स्क्रीन पण आंधळी होते. माझ्याकडे जुना पीसी आहे, २ लॅन कार्ड, डेबियन ११. कॉलेजात सी शिकलोय, नेटफिल्टरसाठी (लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, पॅकेट तपासणारा भाग) मॉड्यूल कधी लिहिलं नाही पण शिकायची तयारी आहे. कुठून सुरुवात करू?

नंदुरबार_नेट

भाऊ नुकसान वाचून वाईट वाटलं.

मॉड्यूल लिहायच्या आधी सुरिकाटा बघा ना, नेटवर्कवरची पॅकेटं तपासणारं सॉफ्टवेअर. ओपनसोर्स आहे, मॉडबस त्याला कळतं, "हे फंक्शन दिसलं तर पॅकेट टाकून दे" असा नियम सरळ लिहिता येतो. कर्नलकडून एनएफक्यूवरून (बाहेरच्या प्रोग्रॅमला पॅकेट द्यायची रांग) पॅकेट त्याच्याकडे येतं, तो बघतो, हो किंवा नाही सांगतो. फक्त एक ठरवून ठेवा, तो प्रोग्रॅम मेला तर काय. क्यूच्या नियमात बायपास लिहिलं तर ऐकणारा कोणी नसताना पॅकेट सरळ पुढे जातं, नाही लिहिलं तर अडकतं.

आणि दुसरं, तुमचे कंट्रोलर आणि वायफाय एकाच स्विचवर असतील तर फायरवॉल लावून काहीच होणार नाही. ते स्विचवरच एकमेकांना भेटतात, पॅकेट तुमच्या पीसीपर्यंत येतच नाही. आधी कंट्रोलर वेगळ्या सबनेटला टाका आणि मधे तो पीसी ठेवा. राउटर म्हणून ठेवा, ब्रिज म्हणून नको. ब्रिज केला तर आयपीचे हुक (पॅकेट तपासायच्या जागा) लागतच नाहीत, त्याला वेगळं मॉड्यूल नाहीतर एनएफटीची (एनएफटेबल्स, लिनक्सची नवी फायरवॉल) ब्रिज फॅमिली लागते, आणि लोक दोन दोन दिवस शोधत बसतात की नियम बरोबर असून लागत का नाही.

केळीपट्टा

स्विचचं एकदम बरोबर बोललात, सगळं एकाच स्विचवर होतं. आज दुपारी वेगळं केलं, कंट्रोलर आता दुसऱ्या लॅन कार्डामागे आहेत.

सुरिकाटा चांगलंच आहे, पण मला एकाच प्रोटोकॉलचं एकच काम करायचंय आणि मधे काय चाललंय ते मला स्वतःला समजलं पाहिजे. परत एकदा रात्री काही झालं तर मी फोन कोणाला लावू?

तापीकाठ

मी जुना माणूस, थोडं मागचं सांगतो म्हणजे कोड कुठे बदलायचा ते कळेल.

लिनक्स २.० ला फायरवॉलसाठी आयपीएफडब्ल्यूॲडमिन होतं, २.२ ला आयपीचेन्स. जळगावात सायबर कॅफेच्या लाइनी मी त्यावर चालवल्यात. तेव्हा फायरवॉलमध्ये आपलं काही घालायचं म्हणजे कर्नलच्या नेटवर्कच्या कोडमध्ये हात घालून अख्खा कर्नल परत बांधायचा, रात्री लावला की सकाळी झाला, आणि लाइट गेली की पहिल्यापासून. रस्टी रसेलने नेटफिल्टर लिहिलं आणि २.४ सोबत जानेवारी २००१ ला ते आलं, त्याने हे बदललं. पॅकेटच्या रस्त्यावर त्याने ५ जागा नेमून दिल्या. आत आल्या आल्या प्रीराउटिंग, आपल्याच मशीनसाठी असेल तर इनपुट, नुसतं पुढे जाणार असेल तर फॉरवर्ड, आपण पाठवलं तर आउटपुट, बाहेर पडताना पोस्टराउटिंग. या हुकांवर कोणीही आपलं फंक्शन टांगायचं, पॅकेट आलं की ते फंक्शन चालतं आणि सांगतं ॲक्सेप्ट का ड्रॉप. आयपीटेबल्स काय किंवा जानेवारी २०१४ ला ३.१३ मध्ये आलेलं एनएफटेबल्स काय, दोन्ही याच हुकांवर टांगलेले आहेत. म्हणजे तुम्हाला नेटफिल्टरचा मूळ कोड बदलायचाच नाहीये, त्याच्या शेजारी तुमचं छोटं मॉड्यूल टांगायचंय. तुमचं पॅकेट एका कार्डातून येऊन दुसऱ्यातून जातं, म्हणून जागा फॉरवर्ड.

आणि हुक लावायचं जुनं फंक्शन नेटवरच्या धड्यांमध्ये अजून सापडतं, ते ४.१३ ला काढून टाकलंय. नवीन फंक्शनला नेटवर्क नेमस्पेस द्यावी लागते. धडा जुना असला की कंपाइल होणार नाही, घाबरू नका, तेवढी ओळ बदला.

केळीपट्टा

तापीकाठ काका, तुमच्या या पोस्टनंतर ३ रात्री बसलो आणि मॉड्यूल लोड झालं! जे केलं ते आणि जिथे अडकलो ते लिहितो.

मॉडबस टीसीपीचं पॅकेट असं असतं. टीसीपीचं हेडर संपलं की पहिले ७ बाइट मॉडबसचं हेडर, २ व्यवहार क्रमांक, २ प्रोटोकॉल क्रमांक जो कायम शून्य, २ लांबी, १ युनिट. मग आठवा बाइट म्हणजे फंक्शन कोड, सगळी मेख तिथे आहे. १, २, ३, ४ म्हणजे वाचणं. ५ आणि ६ म्हणजे एक जागा लिहिणं, १५ आणि १६ म्हणजे अनेक जागा एकदम लिहिणं. मी लिहिलं की ५, ६, १५, १६ दिसला आणि पाठवणारा ऑफिसचा पीसी नसेल तर ड्रॉप.

चेंबरवर प्रयोग करायची हिंमत नाही, म्हणून घरी दोन लिनक्स मशीनमधे हा पीसी ठेवला, एकावर खोटा कंट्रोलर चालवला. आणि लिहिणं धडाधड आरपार चाललंय! उलट वाचणंच कधीकधी अडखळतं, म्हणजे पन्नास-साठ वेळा नीट आणि मग एकदा क्षणभर थांबून येतं. काय चुकतंय काहीच कळेना. टीसीपीडम्प (पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्रॅम) लावून बाइट समोर बसलोय.

धुळेकर_ताई

टीसीपीचं हेडर किती बाइट धरलंय तुम्ही? २० धरलं असेल तर चूक तिथेच आहे.

२० हे कमीत कमी आहे. लिनक्सची दोन मशीन बोलतात तेव्हा प्रत्येक पॅकेटला टाइमस्टॅम्प लावतात, ते १२ बाइट धरून हेडर ३२ चं होतं. तुम्ही २० च्या पुढचा आठवा बाइट बघताय, तर मोजा. २ बाइट नुसते भरतीचे, मग ८, मग १०, मग ४ बाइटचा टाइमस्टॅम्प. आठवा बाइट म्हणजे टाइमस्टॅम्पचा शेवटचा बाइट. तो सतत पळत असतो. तुमचं मॉड्यूल फंक्शन कोड बघतच नाहीये, घड्याळाचा काटा बघतंय. २५६ मध्ये ४ आकडे तुम्ही अडवलेत, म्हणजे सरासरी ६४ पॅकेटला एक अडणार, टीसीपी तेच पुन्हा पाठवणार, तोवर टाइमस्टॅम्प पुढे गेलेला असतो म्हणून ते सुटतं. तुमचं "क्षणभर थांबून येतं" ते हेच.

हेडरची खरी लांबी पॅकेटमध्येच लिहिलेली असते, डेटा ऑफसेट नावाच्या ४ बिटांत, त्याला ४ ने गुणा. आयपीच्या हेडरचंही तसंच, २० गृहीत धरू नका. मी शिकवते तेव्हा मुलांना आधी कागदावर एक पॅकेट बाइट-बाइट लिहायला लावते, कीबोर्ड नंतर.

केळीपट्टा

ताई!!! एकदम तेच होतं. ४ ने गुणलं आणि लिहिणं थांबलं, वाचणं सुरळीत.

डम्पमध्ये तो बाइट बघितला, प्रत्येक पॅकेटला वेगळा. मी दोन दिवस त्याच ओळीकडे बघत होतो पण माझ्या डोळ्यात तो आकडा भरलाच नाही, कारण मला वाटत होतं आपला कोड बरोबर आहे आणि हुक चुकलाय.

अमळनेर_बीई

ताई एक विचारू का, पॅकेटचा पॉइंटर घेऊन सरळ पुढचे बाइट वाचले तर चालतं का? आमच्या प्रोजेक्टला मशीनच हँग झालं.

धुळेकर_ताई

नाही, चालत नाही. कर्नलमध्ये पॅकेट एसकेबी नावाच्या रचनेत असतं आणि त्याचा डेटा सलग असेलच असं नाही, पुढचा भाग दुसऱ्याच पानावर असू शकतो. सरळ वाचत गेलात तर भलत्याच मेमरीत पोचता. एसकेबी हेडर पॉइंटर नावाचं फंक्शन वापर, त्याला सांगायचं इतक्या अंतरापासून इतके बाइट हवेत, डेटा विखुरला असेल तर ते तुझ्या बफरमध्ये कॉपी करून देतं आणि तेवढे बाइट नसतीलच तर रिकामं परत येतं. ते रिकामं आलेलं तपासणं विसरू नकोस, हँग होण्याचं कारण बहुतेक तेच. मॉडबस टीसीपीचं पूर्ण पॅकेट जास्तीत जास्त २६० बाइटचं, बफर तेवढा पुरतो.

आणि प्रयोग व्हर्च्युअल मशीनमध्ये कर. कर्नल पडला तर तेवढं मशीन पडेल, लॅपटॉप नाही.

धुळेकर_ताई

केळीपट्टा, आता तुमच्यासाठी. आजच्या कोडमध्ये मला तीन भोकं दिसतात.

पहिलं, तुम्ही वाईट कोडची यादी केलीय. २२ आणि २३ सुद्धा लिहितात, ते तुमच्या यादीत नाहीत. ८ हा डायग्नोस्टिकचा आहे, त्याने काही उपकरणं रीस्टार्ट होतात. काही कंपन्या स्वतःचे वेगळे कोड पण ठेवतात. म्हणून उलटं करा, १ ते ४ सोडून सगळं बंद.

दुसरं, टीसीपी हा बाइटचा प्रवाह आहे, एक पॅकेट म्हणजे एक मागणी असा त्याचा काही नियम नाही. कोणी पहिल्या पॅकेटमध्ये ७ च बाइट पाठवले आणि आठवा पुढच्या पॅकेटमध्ये, तर तुमचं मॉड्यूल काय बघणार? किंवा एकाच पॅकेटमध्ये आधी वाचायची मागणी आणि तिच्या मागे चिकटवून लिहायची? आठवा बाइट ३ दिसेल, तुम्ही सोडाल, आणि मागची मागणी गुपचूप आत. यावर उपाय सोपा आहे. पेलोड, म्हणजे टीसीपीच्या हेडरनंतरचा डेटा, मॉडबसच्या हेडरमधली लांबी अधिक ६ बरोबर तेवढाच आला पाहिजे, एक बाइट कमी नाही आणि एक जास्त नाही. सरळमार्गी सॉफ्टवेअर एका पॅकेटला एकच मागणी पाठवतं, त्यांना काही त्रास होत नाही. लांबी वाचताना बाइटचा क्रम मात्र उलटवून घ्या, नेटवर्कवर मोठा बाइट आधी असतो. तुमच्या पीसीवर तसंच वाचलं तर ६ च्या जागी १५३६ दिसेल.

तिसरं, फायरवॉलमध्ये वर "एस्टॅब्लिश्ड (आधीच जुळलेलं कनेक्शन) असेल तर ॲक्सेप्ट" अशी ओळ आहे का? सगळ्यांच्याच असते. फंक्शन कोड हा कनेक्शन झाल्यावरच येतो, म्हणजे प्रत्येक मागणी एस्टॅब्लिश्डमध्येच मोडते. तपासणी त्या ओळीच्या वर पाहिजे नाहीतर तिच्यापर्यंत पॅकेट पोचणारच नाही.

नंदुरबार_नेट

+१, तिसरा मुद्दा फार जणांचा चुकतो. त्यात अजून एक जोडा, ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरवर चालणारं लिनक्स) कोणी हे करणार असेल तर सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोडिंग बंद ठेवा. ते चालू असलं की जमलेल्या कनेक्शनची पॅकेटं शॉर्टकटने जातात, फॉरवर्ड चेनला शिवतच नाहीत.

तापीकाठ

ताईंचा मुद्दा घेऊन विचार करत होतो. १ ते ४ या चारही मागण्या कायम १२ बाइटच्याच असतात, ७ हेडर, १ कोड, २ पत्ता, २ किती पाहिजे. मग वाचण्यासाठी मॉड्यूल लागतंच कशाला? डेबियन १२ घाला, त्यात ६.१ कर्नल आहे. ५.१६ पासून एनएफटीमध्ये टीसीपीच्या आतल्या पेलोडपासून बिट मोजायची सोय आली, हेडर २० असो का ३२ ते तोच बघतो. ५६ बिट सोडून पुढचे ८ बिट, म्हणजे तुमचा आठवा बाइट. तो १ ते ४ पाहिजे. लांबीचे १६ बिट ३२ व्या बिटापासून, ते ६ पाहिजेत. आणि आयपीची एकूण लांबी, डेटा ऑफसेट ५ असेल तर ५२ आणि ८ असेल तर ६४, अशा दोन जोड्यांचा सेट करा. यात पुढेमागे काही चिकटवायला जागाच राहत नाही. चार ओळीत काम.

तुमची मेहनत कमी लेखत नाही, पण कर्नलमध्ये जेवढा कोड कमी तेवढी झोप चांगली.

केळीपट्टा

काका, हे वाचून आधी थोडं जीवावर आलं, पंधरा दिवस त्या मॉड्यूलमध्ये घातलेत. मग डेबियन १२ टाकलं, करून बघितलं, आणि तुमचं बरोबर आहे. वाचायचा भाग पूर्ण एनएफटीमध्ये गेला, मॉड्यूलमधून तो काढून टाकला.

पण त्यामुळेच एक गोष्ट लक्षात आली. लॅपटॉपला अडवलं, मान्य, पण ऑफिसच्या पीसीवरून कोणी १८ लिहिलं तर? आमच्याकडे तिथे ३ जण बसतात. माल बाहेरच्या माणसामुळे गेला हे खरं, पण मालाला मारलं ते १.८ डिग्रीने. म्हणजे कोण लिहितंय याच्याइतकंच काय लिहितंय हेही बघायला पाहिजे. केळीच्या चेंबरला १३ च्या खाली आणि २० च्या वर सेटपॉइंट मी कधीच देणार नाही, तर १३० ते २०० च्या बाहेरचा आकडा तारेवरून पुढे जायलाच नको, मग पाठवणारा मी स्वतः का असेना.

आणि हे एनएफटीमध्ये मला जमेना. आमचं ऑफिसचं सॉफ्टवेअर कोड १६ वापरतं, एका दमात बरेच रजिस्टर (कंट्रोलरमधल्या आकडे ठेवायच्या जागा) लिहितं, कधी ५ पासून तर कधी ८ पासून सुरुवात करतं, त्यामुळे सेटपॉइंट प्रत्येक वेळी पॅकेटमध्ये वेगळ्या जागी. ते मोजावं लागतं, आणि मोजायला कोडच लागतो. आता मॉड्यूल एवढंच करतं. सुरुवातीचा पत्ता वाचायचा, किती रजिस्टर ते वाचायचं, सेटपॉइंटचं रजिस्टर त्यात येतं का बघायचं, येत असेल तर १३ बाइट सोडून पुढे दोन दोन करत तिथे पोचायचं आणि आकडा तपासायचा.

इथेही एकदा ठेचकाळलो. कंट्रोलरच्या पुस्तकात सेटपॉइंट ४००११ लिहिलाय, मी पत्ता ११ धरला. पुस्तकात मोजणी १ पासून असते आणि तारेवर ० पासून, म्हणजे खरा पत्ता १०. मी शेजारचा डीफ्रॉस्टचा आकडा तपासत बसलो होतो. कळलं कसं, तर ऑफिसातून मुद्दाम १७५ पाठवला आणि मॉड्यूलने नको म्हटलं, तेव्हा पॅकेट उघडून बाइट मोजले.

धुळेकर_ताई

हे फार चांगलं केलंत.

आता सांगा, उद्या कर्नल अपडेट झाला आणि मॉड्यूल लोड झालं नाही तर?

केळीपट्टा

त्याचाच विचार करून राहिलो होतो. डीकेएमएस लावलंय, नवीन कर्नल आला की मॉड्यूल आपोआप परत बांधलं जातं, पण त्याच्यावर भरवसा ठेवून झोपणं बरोबर नाही.

म्हणून मॉड्यूलला मी ॲक्सेप्ट किंवा ड्रॉप करूच देत नाही. ते फक्त शिक्का मारतं. पॅकेट तपासलं, बरोबर वाटलं, तर एसकेबीवर मार्क लावायचा आणि पुढे सोडायचं. त्याला मॅंगलची प्रायॉरिटी दिलीय, उणे १५०, म्हणजे ते एनएफटीच्या फिल्टर चेनच्या आधी चालतं. मग एनएफटीमध्ये नियम आहे की ऑफिसच्या पीसीकडून ५०२ ला काही लिहायला आलं आणि त्यावर शिक्का नाही, तर जाऊ द्यायचं नाही. मॉड्यूल लोड नसेल तर शिक्का मारणाराच नाही, मग लिहिणं आपोआप बंद. वाचणं चालू राहतं कारण त्याचा मॉड्यूलशी संबंधच नाही. कंट्रोलर आपला जुना सेटपॉइंट धरून चालत राहतो, मालाला काही होत नाही, फक्त ऑफिसातून बदल करता येत नाही, तो दारावरच्या बटणाने करता येतो.

बंद करताना ड्रॉप न करता रिजेक्ट केलंय, टीसीपी रीसेट देऊन. आधी ड्रॉप होतं तर ऑफिसचं सॉफ्टवेअर तेच पॅकेट परत परत पाठवत अडकून बसायचं आणि त्याच कनेक्शनवरचं वाचणं पण थांबायचं. रीसेट दिला की लगेच एरर दाखवतं आणि नवीन कनेक्शन घेतं.

तापीकाठ

शिक्क्याची कल्पना आवडली. भारी काम शे भो.

लॉगचं बघा मात्र. प्रत्येक अडवलेल्या पॅकेटला कर्नल लॉगमध्ये ओळ टाकत असाल तर कोणाचं बिघडलेलं ॲप सेकंदाला शंभर वेळा धडकलं की डिस्क भरून जाईल. रेट लिमिट लावा. आणि तो पीसी कुठे ठेवलाय? मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या पुढे पारा, पत्र्याच्या खोलीत ठेवला असेल तर सॉफ्टवेअर कितीही चांगलं असू द्या, मशीन बंद पडेल.

केळीपट्टा

रेट लिमिट लावलं. पीसी चेंबरच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये, तिथे गार असतं, इन्व्हर्टरवर आहे.

नंदुरबार_नेट

एक धंद्याचा प्रश्न. रावेर, फैजपूर, यावल, इतके चेंबर आणि कोल्ड स्टोरेज आहेत, असा डबा तयार करून विकता येईल का? कोड उघडा ठेवावा लागेल का?

तापीकाठ

विकायला कोणीच अडवत नाही. कर्नल जीपीएल (उघड्या कोडचं लायसन) आवृत्ती २ खाली आहे, डबा ज्याला द्याल त्याला त्यातल्या कर्नलचा आणि तुम्ही त्यात केलेल्या बदलांचा सोर्स द्यावा लागतो, किंवा मागितला की देईन असं लेखी द्यावं लागतं. हे नुसतं कागदावरचं नाही. २००४ मध्ये नेटफिल्टरच्याच एका लेखकाने, हॅराल्ड वेल्टेने, सिटकॉम कंपनीवर म्युनिकच्या कोर्टात केस केली होती, त्यांनी राउटरमध्ये नेटफिल्टर वापरून सोर्स आणि लायसन दिलं नव्हतं. कोर्टाने वेल्टेच्या बाजूने निकाल दिला.

आणि मला विचाराल तर लपवण्यासारखं आहे काय? पैसे बसवण्याचे आणि सांभाळण्याचे घ्या. कोणता रजिस्टर, कोणती मर्यादा, हे प्रत्येक चेंबरला वेगळं, तिथे माणूस लागतोच.

केळीपट्टा

मी कोड उघडाच ठेवणार. ज्या माणसाचा माल असा गेलाय त्याच्याकडून कोडचे पैसे घ्यायला माझं मन होणार नाही.

दालमिल_जळगाव

मंडळी, सगळा धागा एका बैठकीत वाचला. आमची एमआयडीसीत दालमिल आहे, ड्रायरचे ४ कंट्रोलर आहेत पण ते इथरनेटचे नाहीत, आरएस-४८५ च्या एका वायरवर आहेत आणि मधे एक गेटवे डबा आहे, तो मॉडबस टीसीपीचं वायरवरचं करतो. म्हणजे चौघांचा आयपी एकच. १ नंबरच्या ड्रायरची मर्यादा वेगळी आणि बाकी तिघांची वेगळी, तर आयपीवरून कसं ओळखणार? हे आमच्याकडे चालेल का?

केळीपट्टा

चालेल दादा. आयपी एकच असला तरी युनिट नंबर वेगळा असतो, फंक्शन कोडच्या अलीकडचा बाइट, सातवा. गेटवे त्यावरूनच ठरवतो वायरवर कोणाला हाक मारायची. मॉड्यूलमध्ये मर्यादा सध्या आयपीप्रमाणे ठेवल्यात, त्या आयपी आणि युनिट अशा जोडीने ठेवाव्या लागतील, मोठा बदल नाही. फक्त एक लक्षात घ्या, युनिट ० म्हणजे त्या वायरवरच्या सगळ्यांना एकदम हाक. माझ्याकडे त्याचा प्रश्न नव्हता, तुमच्याकडे आहे, एका पॅकेटमध्ये चारही ड्रायरचा सेटपॉइंट बदलू शकतो. लिहिण्यासाठी युनिट ० पूर्ण बंदच ठेवू.

दुसरं, गेटवेला पलीकडून अजून कोणती वायर किंवा सिरीयल केबलने एखादा पीसी जोडलेला नाही ना ते बघा, तो फायरवॉलला बायपास करेल.

आधी काही बसवायचं नाही. एक दिवसभर टीसीपीडम्प लावून ठेवा, फक्त ५०२ पोर्टचं, सकाळी मिल चालू होते तिथपासून संध्याकाळी बंद होईपर्यंत, म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर कोणते कोड वापरतं आणि एका पॅकेटमध्ये एकच मागणी पाठवतं का ते कळेल. काही गेटवे-सॉफ्टवेअर दोन मागण्या चिकटवतात म्हणे, तसं असेल तर लांबीची तपासणी त्यांना अडवेल आणि आपल्याला कोड बदलावा लागेल. ती फाइल आणि कंट्रोलरच्या पुस्तकातलं रजिस्टरचं पान घेऊन ठेवा. गुरुवारी मी जळगावला येतोय, दुपारनंतर मिलवर येतो, सोबत बसून पहिलं पॅकेट कागदावर लिहू.

दालमिल_जळगाव

उद्या सकाळी ७ ला लावतो डम्प. पान ४२ वर रजिस्टरचा तक्ता आहे, त्यात पण ४०००१ पासूनच आकडे दिलेत.

केळीपट्टा

मग प्रत्येकातून ४०००१ वजा करून शेजारी पेन्सिलने लिहून ठेवा.